चुकीच्या उत्तरांचा रकाना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा सिनॉप्सिस नीट वाचला. मराठी शब्दांच्या याद्या ऐकवायच्या, मध्ये कमीजास्त वेळ जाऊ द्यायचा आणि आठवतील ते शब्द लिहून घ्यायचे, ही मांडणी साधी आहे आणि डेझर्टेशनला साधीच मांडणी हवी. नमुना किती घ्यायचा, आकडेवारीची कुठली चाचणी लावायची हे तुझे गाइड सांगतील. मला बोलायचंय ते गुणांकनाच्या परिच्छेदातल्या एका वाक्याविषयी: ‘यादीत नसलेले शब्द वगळण्यात येतील.’ ते वाक्य काढून टाक. तुझ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तू आधीच केराच्या टोपलीत टाकायला निघाली आहेस.

स्मृतीच्या प्रयोगांची सुरुवात ज्याच्यापासून धरतात त्या जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसला चुकांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने 1885 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रयोगकर्ता तोच आणि पाठ करणाराही तोच. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळाने तेच पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या खेपेला वेळ किती वाचला ते मोजायचं. वीस मिनिटांनी ही बचत 58 टक्के होती, दिवसभराने साधारण एक तृतीयांश आणि महिन्याने 21 टक्के. विस्मरणाचा तो वक्र इतका पक्का निघाला की 2015 मध्ये कुणीतरी तोच खटाटोप पुन्हा केला, तेव्हाही जवळजवळ तसाच मिळाला. पण विसरलेल्या जागी माणूस काय भरतो, हे त्या पद्धतीत दिसण्याची सोयच नव्हती.

ते दिसलं पुढच्या लोकांना, आणि तेही ज्यांनी चुकीची उत्तरं जपून ठेवली त्यांनाच. केंब्रिजमध्ये कॉनरॅड नावाचा संशोधक टेलिफोन आणि पोस्टाच्या संकेतांवर काम करत होता: लोकांना अक्षरं-आकडे कसे लक्षात राहतात, कुठे गल्लत होते. 1964 च्या शोधनिबंधात त्याने लोकांना पडद्यावर इंग्रजी अक्षरं दाखवली. नीट लक्षात घे, दाखवली; ऐकवली नाहीत. तरीही लिहिताना चुका झाल्या त्या आवाजाच्या. ‘व्ही’च्या जागी ‘बी’ आलं, दिसायला जवळचं अक्षर आलं नाही. गोंगाटात ऐकताना लोकांची ज्या अक्षरांत गल्लत होते, साधारण त्याच जोड्या इथेही निघाल्या. म्हणजे डोळ्यांनी वाचलेलं माणूस मनातल्या मनात उच्चारून धरून ठेवतो. ही गोष्ट बरोबर उत्तरं मोजून कधीच कळली नसती. बॅडली आणि हिच यांनी 1974 मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी कल्पना मांडली, तिच्यातल्या ध्वनीच्या कप्प्याचं मूळ इथेच आहे.

बॅडलीचं 1966 चं काम तर तुझ्या विषयाला थेट भिडतं. लगेच क्रमाने आठवायचं असेल तर सारख्या आवाजाचे शब्द घोटाळा करतात, सारख्या अर्थाचे फारसे करत नाहीत. तशाच याद्या पाठ करून घेऊन वीस मिनिटांनी विचारल्या की चित्र उलटतं: आता अर्थाचं साम्य नडतं. तू तीन वेगवेगळी अंतरं ठेवणार आहेस. बरोबर शब्दांची संख्या अंतराबरोबर घटेल, हे प्रयोग न करताही सांगता येतं. पण चुकांची जात बदलते का, आवाजाकडून अर्थाकडे सरकते का, हे मराठी शब्दांवर पाहण्यासारखं आहे. त्यासाठी वेगळा प्रयोग लागत नाही, एक जास्तीचा रकाना लागतो.

मात्र इंग्रजीतलं साहित्य जसंच्या तसं उचलू नकोस. ‘बी, सी, पी, टी, व्ही’ यांचा शेवट सारखा आणि ‘एफ, एम, एस’ यांचा निराळा, म्हणून ती विभागणी चालते. आपली क-ख-ग सगळीच ‘अ’वर संपतात. आवाजाचं साम्य हवं असेल तर टाळ, माळ, गाळ, जाळ, फाळ असे शब्द घे, आणि त्यांच्याशी तुलना करायला तेवढ्याच लांबीचे पण कानाला वेगळे शब्द.

आता अर्थाच्या चुकांकडे येते. मला या विषयाचं वेड लागलं ते यांच्यामुळेच. जेम्स डीझ याने 1959 मध्ये याद्या अशा बेतल्या की सगळे शब्द एकाच न सांगितलेल्या शब्दाभोवती फिरतील. अंथरूण, विश्रांती, थकवा, स्वप्न, रात्र, घोरणे या वळणाचे शब्द वाचायचे आणि ‘झोप’ मात्र उच्चारायचा नाही. त्या यादीत 44 टक्के लोकांनी न ऐकलेला ‘झोप’ लिहिला. ‘फुलपाखरू’ या शब्दाभोवतीच्या यादीत मात्र तो शब्द कुणीच लिहिला नाही. फरक कशामुळे? यादीतले शब्द ऐकून तो मधला शब्द किती सहज सुचतो, यामुळे. निबंध बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. 1995 मध्ये रोडिगर आणि मॅकडरमट यांनी तो पुन्हा वर काढला, तेव्हा न उच्चारलेला शब्द यादीच्या मधल्या खऱ्या शब्दांइतकाच आठवतो असं दिसलं. आणि तो शब्द कानांनी ऐकल्याचं ‘आठवतंय’ असं अनेकांनी सांगितलं.

हे मी वर्गात प्रात्यक्षिकाला दरवर्षी घ्यायची. एका मुलीचा कागद अजून डोळ्यांसमोर आहे. तिने ‘झोप’ लिहिला होता, त्यावर काट मारली होती आणि दोन ओळी खाली पुन्हा तोच शब्द, या वेळी खाली रेघ ओढून. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, तुम्ही ‘थकवा’नंतर थांबला होतात, तेव्हाच म्हणालात.” शब्द तर तिने दिलाच, शिवाय तो कधी आणि कसा ऐकला तेही तिच्या मनाने पुरवलं. तुझ्या एक्सेलमध्ये या कागदाची नोंद झाली असती: चुकीचा, शून्य.

अशा याद्या भाषांतरातून मिळत नाहीत. आधी वेगळ्या गटाला एकेक शब्द देऊन पहिला सुचलेला शब्द लिहून घे, आणि त्यावरून याद्या बांध. वेळखाऊ काम आहे, पण हे केलंस तर तुझ्यानंतरच्या विद्यार्थ्यांनाही ते वापरता येईल.

गोष्टी किंवा उतारे घेण्याचा मोह झाला तर सूचनांकडे लक्ष दे. बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली. कनूची, म्हणजे तिथल्या लांबट अरुंद नावेची, साधी होडी झाली, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. परक्या गोष्टीला प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या साच्यात बसवलं. 1932 पासून हे उदाहरण सगळे देतात. पण गॉल्ड आणि स्टीफनसन यांनी 1967 मध्ये दाखवलेलं फार कमी लोक सांगतात: ‘अचूक तेवढंच लिहा, पदरचं काही घालू नका’ असं बजावलं की या चुका खूप कमी होतात. म्हणजे काही भर स्मृतीची असते आणि काही गोष्ट रंगवून सांगण्याच्या सवयीची. तुझी सूचना शब्दशः लिहून काढ आणि प्रत्येकाला तीच वाचून दाखव. उत्साहाच्या भरात ‘आठवेल ते लिहा हं, अंदाजही चालेल’ असं एखाद्याला म्हणालीस तर त्याचा कागद बाकीच्यांशी ताडून पाहता येणार नाही.

कोऱ्या जागेबद्दलही थोडं. न लिहिलेला शब्द गेलाच, असं समजू नकोस. टल्विंग आणि पर्लस्टोन यांनी 1966 मध्ये गटांची नावं सुचवली, तेव्हा आधी न आठवलेले कितीतरी शब्द लोकांनी दिले. वेळ असेल तर शेवटी ‘एक फळ होतं’, ‘एक भांडं होतं’ एवढी खूण देऊन एक फेरी घे, आणि तिचे गुण वेगळे ठेव.

बाकी कामाच्या गोष्टी. पेन दे, पेन्सिल-खोडरबर देऊ नकोस. खाडाखोड हवी आहे. शब्द ज्या क्रमाने लिहिले तो क्रम टिपून ठेव. चुका वेगळ्या कर: आवाजाच्या, अर्थाच्या, आधीच्या यादीतून घुसलेल्या. ‘घोडा’ऐवजी ‘घोडे’ लिहिलं तर काय करायचं हे कागद तपासण्याआधी ठरव, आणि दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे तपासून घे. यादी संपताच लिहायला लावू नकोस. अर्धा मिनिट उलटे आकडे मोजायला लाव, नाहीतर शेवटचे दोन-चार शब्द ताजेपणामुळेच येतील. ग्लँझर आणि क्युनिट्झ यांनी 1966 मध्ये आकडे मोजायला लावण्याच्या अशाच युक्तीने यादीच्या शेवटाचा फायदा पुसून टाकला होता.

तुझ्या नमुन्यात साठीच्या पुढची माणसं आहेत. न ऐकलेला शब्द आपण लिहिला हे कळल्यावर ती घाबरतात. त्यांच्या डोक्यात लगेच डिमेन्शिया येतो. म्हणून प्रत्येकाला उठण्याआधी स्पष्ट सांग की यादी मुद्दामच तशी बांधली होती, विशीतली मुलंही तोच शब्द लिहितात, आणि ही आजाराची चाचणी नव्हे. ही पाच मिनिटं वेळापत्रकात धर. घाईत निघालेल्या माणसाला फोन करून सांगायची वेळ आली तरी सांग.

पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, झाला की मूळ कागद घेऊन घरी ये. एक्सेल नंतर भरू.

तुझी,
मॅडम