टेन्शनमुळे दूध नासतं का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. मिस्टर पुण्याला असतात, मी सासरी. घरात काही बोलाचाली झाली की मला धडधडायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच तिला पाजायला घेतलं की दोन घोट घेऊन सोडून देते आणि किंचाळते. सासूबाई म्हणतात तुझ्या टेन्शनने दूध नासतंय, बाटली लाव. खरंच माझं दूध तिला बाधतंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही गं, दूध अजिबात नासत नाही. पान्हा फुटणं हा आपला शब्द किती बरोबर आहे बघ, बाळ ओढायला लागलं किंवा नुसतं त्याचं रडणं कानावर आलं तरी आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि साठलेलं दूध खाली उतरतं, कितीजणींचा तर दुसऱ्याच्या बाळाच्या रडण्यानेही ब्लाऊज भिजतो. जीव घाबरा झाला की हेच ऑक्सिटोसिन अडतं. म्हणजे दूध असतं पण उतरायला वेळ लागतो, ती ओढून ओढून वैतागते आणि रडते, बस एवढंच.

तुझी धडधड तिला कळते का, तर हो, कळत असणार. 2014 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, त्यात वर्षाच्या आसपासची बाळं होती. आयांना परक्या माणसांसमोर भाषण करायला लावलं आणि समोरचे मुद्दाम नाराज चेहरे करून बसले. नंतर बाळं मांडीवर दिली तर त्यांचेही ठोके वाढले, त्यांनी तर भाषण ऐकलंच नव्हतं! पण म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस, कारण अंगाला अंग लागलं की शांतपणासुद्धा असाच पोचतो.

बोलाचाली झाली की लगेच पाजायला बसू नकोस. दार लाव, तिला फक्त लंगोटावर ठेवून तुझ्या उघड्या छातीवर घे, वरून साडी किंवा दुपटं, आणि वीसेक मिनिटं मागे टेकून नुसती बस, झोप येत असेल तर मात्र तिला खाली ठेव. 1978 मध्ये कोलंबियात बोगोटाच्या हॉस्पिटलात इन्क्युबेटर पुरत नव्हते तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं अशीच आयांच्या छातीवर ठेवली, त्यालाच आज कांगारू केअर म्हणतात, आणि ते पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळालाही चालतं.

दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय ना? मग बाटलीची गरज नाही, हे सासूबाईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव. आणि धडधड रोजचीच असेल, रडू येत असेल, झोप लागत नसेल तर थांबू नकोस, डॉक्टरांना सांग किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.