वजन नव्हे, चरबी उतरवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३४, राहणार कोथरूड, नोकरी आयटीत. दीड महिन्यात ८४ वरून ७५ किलोवर आलो. रोज दहा किलोमीटर चालतो, रात्री फक्त सॅलड खातो. पण पोट फारसं हललं नाही, उलट दंड आणि मांड्या बारीक झाल्या. जिममधले सर म्हणतात, कटिंगमध्ये (म्हणजे चरबी उतरवण्याच्या काळात) हलकी वजनं घेऊन २५-२५ रेप्स (सलग उचलण्या) मारा. तसं करू का?

उत्तर : नका करू. तुमचे जे नऊ किलो गेले त्यात चरबी आहेच, पण पाणी आणि स्नायूही बरेच आहेत. आठवड्याला दीड किलो हा वेग तुमच्या वजनाला झेपणारा नाही. शिवाय खाणं तुटलं, जड वजन कुठे उचललं नाही आणि रात्रीच्या ताटात प्रथिनं नाहीत. अशा वेळी शरीर स्नायू कशाला सांभाळेल?

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुमच्यासाठी ४०० ते ७०० ग्रॅम, एवढंच उतरू द्या. नॉर्वेतल्या खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के वजन उतरवलं, दुसऱ्याने १.४ टक्के. वजनं दोन्ही गट उचलत होते. हळू जाणाऱ्यांची चरबी जास्त गेली आणि स्नायू थोडे वाढलेसुद्धा. घाई करणाऱ्यांचे वाढले नाहीत.

किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. आठवड्याला अर्धा किलो हवी तर रोजची तूट साडेपाचशेची. संध्याकाळचा वडापाव आणि दिवसभरातले साखरेचे तीन चहा थांबवले तरी त्यातला मोठा भाग साधतो. त्यासाठी रात्रीचं जेवण मारायची गरज नाही.

हलक्या वजनांनी स्नायूला ‘कट’ पडत नाहीत. वरची चरबी गेली की तो दिसतो, एवढंच. म्हणून ज्या वजनांनी स्नायू कमावला तीच कटिंगमध्येही धरून ठेवायची. एक वही करा. स्क्वॉट ६० किलोवर ८ रेप्स निघत असतील तर दोन महिन्यांनीही ६० वर ८ निघाले पाहिजेत. थकवा आला तर चारऐवजी तीन सेट करा, पण बारवरची प्लेट काढू नका. वहीतले आकडे घसरू लागले की समजा, चरबीबरोबर स्नायूही निघाला आहे.

आता पोट. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही आपल्याकडच्या अनेकांची ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. नुसत्या काट्यावर भरवसा ठेवून आणखी पाच किलो उतरवलेत, तर आणखी बारीक दिसाल आणि पोट उरेलच. तीन-चार आठवडे पोटभर जेवा, रोज १२० ते १५० ग्रॅम प्रथिनं घ्या, आठवड्यात तीन दिवस जड वजनं उचला. मग हळू कटिंग सुरू करा. पोटाचा व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, असं मात्र होत नाही. ती बहुतेकांची सगळ्यात शेवटी जाते.

प्रश्न : आमचं घर माळकरी, अंडंही चालत नाही. वजन ६६ किलो. जिममध्ये सांगतात १२० ग्रॅम प्रोटीन खा. पंढरपुरात राहून हे कसं जमवायचं? मी रोज मोड आलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे खातो.

उत्तर : जमतं, पण मटकी-शेंगदाण्यांच्या जोरावर नाही. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत २३-२४ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं. पण ती भिजली, मोड आले की पाणी पिऊन दुपटी-अडीचपटीने फुगते. वाटीभर उसळीतून पदरात पडतात सात-आठ ग्रॅम. मोड आणून पचन सोपं होतं, प्रथिनं वाढत नाहीत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिनं आहेत, पण त्यांच्यासोबत ५६० च्या वर कॅलरी येतात. कटिंगमध्ये ते चटणीपुरतेच ठेवा.

तुमचा खरा आधार सोयाबीनच्या वड्या आणि दूध. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रथिनं आणि कॅलरी जेमतेम पावणेदोनशे. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, पुन्हा एकदा धुऊन पिळा, म्हणजे उग्र वास जातो. मग नेहमीच्या काळ्या मसाल्यात परता. साय काढलेलं अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम देतं. त्याच दुधाचं दही फडक्यात टांगून चक्का करा आणि साखरेऐवजी जिरं-मीठ घालून भाकरीशी खा. पनीर चांगलं आहे, पण शंभर ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रथिनांबरोबर वीसच्या वर चरबी असते, तेव्हा रोज पाव किलो नको. व्हे ही प्रथिनांची पावडर दुधाच्या निवळीपासूनच बनते. डब्यावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम. वरण, उसळ आणि भाकऱ्यांची भर धरली की तुमचे १२० होतात.

एकादशीकडे लक्ष ठेवा. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, आणि खिचडीच्या एका बशीत तूप-दाणे मिळून दिवसाची सगळी तूट भरून निघते. त्या दिवशी राजगिरा, ताक, दूध यांच्यावर राहा. उपास मोडत नाही आणि गणितही.

प्रश्न : जिममधल्या मशीनवर सोमवारी चरबी २४ टक्के दिसली, गुरुवारी २० टक्के. खरं काय? (नागपूर)

उत्तर : तीन दिवसांत चार टक्के चरबी जात नाही. ते मशीन अंगातून सौम्य वीज सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं. पाणी प्यायलात, घाम गाळलात की आकडा हलतो. सकाळी उपाशीपोटी बेंबीवर टेप लावा, महिन्याने त्याच उजेडात फोटो काढा. एवढं पुरे.

प्रश्न : मी २७ वर्षांची, ठाण्यात राहते. वजन ५२ किलो, चरबी १६ टक्के. रोज १३०० कॅलरी खाते आणि व्यायामात चारशे जाळते. चार महिने पाळी आलेली नाही. ट्रेनर म्हणतात, लीन झालं की असं होतंच, काळजी करू नको.

उत्तर : काळजी करा, आणि याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. आधी गरोदरपणाची तपासणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे त्या सांगतील तसं. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टरांना दाखवायचंच, तुम्ही कितीही फिट दिसत असलात तरी.

तुम्ही दिलेल्या आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. चरबी वजा जाता तुमचं शरीर ४४ किलोच्या आसपास आहे. १३०० मधून व्यायामाचे ४०० गेले, उरले ९००. म्हणजे हृदय, मेंदू, हाडं, पाळी या सगळ्यांसाठी किलोमागे जेमतेम २० कॅलरी. स्त्रियांमध्ये हा आकडा ३० च्या खाली बराच काळ राहिला की अनेकींच्या शरीरात पाळी चालवणारे संप्रेरकांचे संदेश मंदावतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव देऊन खेळाडूंसाठी इशारा दिला, कारण यात नुसती पाळी जात नाही. इस्ट्रोजेन घटल्याने हाडांची घनता कमी होते, आणि विशीत-तिशीत गमावलेलं हाड नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही.

गोळ्या घेऊन रक्तस्राव सुरू झाला म्हणजे प्रश्न सुटला, असं समजू नका. इलाज खाण्यातच आहे. रोजचं खाणं टप्प्याटप्प्याने ४०० ते ६०० कॅलरींनी वाढवा, धावणं कमी करा, वजनं सुरू ठेवा. दोन-तीन किलो वाढतील. वाढू द्या. आणि पाळी जाणं ज्यांना यशाची खूण वाटते, त्यांच्याकडून आहाराचा सल्ला घेणं थांबवा.

प्रश्न : सर, मी १९ वर्षांचा, कोल्हापूरचा. सहा आठवड्यांनी माझी पहिली बॉडीबिल्डिंग स्पर्धा आहे. कोच म्हणतात, शेवटचे दोन दिवस पाणी आणि मीठ बंद, लघवीची गोळी घ्यायची, आणि आतापासून ‘क्लेन’ चालू करायचं. घेऊ का?

उत्तर : तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून सरळ सांगतो : यातलं काहीही घेऊ नकोस. क्लेनब्युटेरॉल हे दम्यासारख्या विकारांसाठी बनलेलं औषध. त्याने हृदयाची धडधड वाढते, हात थरथरतात. लघवीच्या गोळीने पाण्याबरोबर पोटॅशियमची घडी विस्कटते आणि हृदयाची लय बिघडू शकते. मोहम्मद बेनाझिझा हा जगातला नामवंत व्यावसायिक बॉडीबिल्डर १९९२ साली हॉलंडमधली स्पर्धा झाल्यावर काही तासांतच गेला. त्याच्या मृत्यूचा संबंध याच पाणी तोडण्याशी जोडला जातो.

तालमीत वजन तोडणारे पैलवान तू पाहिले असशील. तिथे काट्यावर बसणं हाच हेतू असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली, ते सगळं शर्थीचं झगडणं पाण्याशी होतं, चरबीशी नव्हतं. तुला तर स्टेजवर भरलेला स्नायू दाखवायचाय, आणि स्नायूचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी तोडलंस तर तो चपटा पडणार. शेवटच्या आठवड्यात पाणी, मीठ नेहमीचंच ठेव. सहा आठवड्यांत पुरेशी चरबी उतरत नसेल तर ही स्पर्धा सोड, पुढची खेळ. कोचला हे पटत नसेल तर घरच्यांना सांग.

प्रश्न : चरबी आठ टक्क्यांवर आणली आहे. आता वर्षभर असंच राहायचं आहे. पण झोप उडाली, सतत थंडी वाजते, चिडचिड होते, कामेच्छा मेली आहे. (मडगाव)

उत्तर : आठ टक्के तुमच्या शरीराला मानवत नाहीत, ही सगळी त्याचीच लक्षणं. औषधं न घेणाऱ्या एका बॉडीबिल्डरचा वर्षभराचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर येईपर्यंत त्याचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मिलिलिटरमागे ९.२ नॅनोग्रॅमवरून २.३ वर घसरलं, ताकदही गेली. स्पर्धेनंतर पोटभर खायला लागल्यावर संप्रेरकं काही महिन्यांत पूर्ववत झाली. काही जण जन्मतःच इतके सडसडीत असतात, त्यांना त्रास होत नाही. तुम्हाला होतोय. तेव्हा रोजच्या खाण्यात दर आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरी वाढवत ११-१२ टक्क्यांवर या. तिथे पोटावरच्या रेषा दिसतात आणि रात्री झोपही लागते. दोन महिन्यांत इच्छा परतली नाही तर रक्त तपासून घ्या.

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत फिरती पाळी आहे. झोप पाच तास. खाणं मोजूनमापून, व्यायाम नियमित, तरी तीन आठवडे वजन अडकलंय. अजून खाणं कमी करू?

उत्तर : आधी झोप वाढवा. शिकागो विद्यापीठातल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा जणांना सारख्याच कमी कॅलरींवर ठेवून दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपायला दिलं. वजन दोन्ही वेळा तीन किलोच्या आसपास उतरलं. पण पूर्ण झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचं स्नायू आणि पाणी. रात्रपाळीहून आल्यावर खिडकीला जाड पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पाळीच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा नको. सलग सात तास मिळत नसतील तर साडेपाच आणि दुपारी दीड असे तुकडे करा. पाळी बदलली की अंगातलं पाणीही वरखाली होतं, म्हणून रोजच्या वजनाची आठवड्याची सरासरी काढा, आणि रात्रपाळीचा आठवडा मागच्या रात्रपाळीशीच ताडून पाहा.