बॅकस्पेस दाबलं की भलतीकडेच जातंय!

प्रश्न: पूर्वी बॅकस्पेस दाबलं की वरच्या फोल्डरमध्ये जायचो, आता कुठेही नेऊन सोडतं. कीबोर्ड बिघडलाय का?

कीबोर्ड ठणठणीत आहे हो. विंडोजच्या एक्सपी आवृत्तीपर्यंत बॅकस्पेस म्हणजे एक पायरी वर असं होतं, त्यानंतरच्या व्हिस्टापासून ते ब्राउझरसारखं झालं, म्हणजे जिथून आलात तिथे परत. समजा डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून थेट 'बिलं'च्या आतल्या '२०२३' मध्ये उडी मारलीत आणि मग त्याच्या आतलं 'वीज' उघडलंत, तर एकदा बॅकस्पेस दाबून '२०२३' येईल पण पुढे 'बिलं' काही येणार नाही, कारण तुम्ही तिथून गेलाच नव्हतात. वर जायचं तर ऑल्ट धरून वरचा बाण. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये वर जायचं बटणसुद्धा गायब केलेलं, ८ मध्ये गुपचूप परत आणलं. मला विचाराल तर काढायलाच नको होतं.

प्रश्न: उजवीकडे कितीही आत गेलं तरी डावीकडचं फोल्डरांचं झाड जागचं हलत नाही.

सेटिंग आहे. फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅब, अगदी खाली 'एक्सपांड टू ओपन फोल्डर', टिक करा, झालं.

प्रश्न: माझे फोल्डर आठ-आठ पातळ्या खोल आहेत. क्लिक करत बसण्यापेक्षा सर्चच वापरू का?

सर्चला नाव आठवावं लागतं आणि तिथेच घोडं अडतं, फाइलचं नाव 'फायनल नवीन २' असेल तर काय टाइप करणार? वाट मात्र हाताला पाठ असते, म्हणून सर्च कितीही फास्ट झालं तरी बहुतेक लोक आपल्याच फाइलींसाठी फोल्डर उघडत उघडतच जातात. पण आठ पातळ्या जास्तच झाल्या, ज्या फोल्डरमध्ये एकच फोल्डर आहे, त्यातला आतला फोल्डर वर आणा आणि रिकामा झालेला आधी काढा. रोजचा फोल्डर डावीकडच्या 'क्विक अ‍ॅक्सेस' यादीला पिन करा. आणि लांबलचक यादीत स्क्रोल करू नका, नावाची पहिली दोन-तीन अक्षरं पटापट टाइप करा, सिलेक्शन तिथे जातं, फक्त मध्ये थांबलात तर पुढचं अक्षर नवीन शब्द धरतं आणि तुम्ही दुसरीकडेच पोचता.

प्रश्न: मॅकवर एंटर दाबलं की फोल्डर उघडायच्या ऐवजी नाव बदलायला लागतं!

तिथे तसंच असतं, सवय व्हायला आठवडा जातो. उघडायला कमांड आणि खालचा बाण, बाहेर यायला कमांड आणि वरचा. कमांड-३ दाबून कॉलम व्ह्यू पण बघा, अख्खी वाट डावीकडून उजवीकडे उघडी दिसते, मग मागे कुठे आणि वर कुठे हा घोळच नाही.