कारणाच्या वादाआधी सोय मागावी

प्रिय मित्रा,

बहुरासायनिक संवेदनशीलतेविषयी, म्हणजे अनेक रसायनांच्या अल्प संपर्कानेही त्रास होण्याच्या विकाराविषयी, तू तयार केलेल्या पत्रकाचा मसुदा वाचला. ‘प्रत्येक सुगंधी वस्तू विष आहे’ हे त्यातील पहिलेच वाक्य काढून टाक. तो दावा तुला सिद्ध करता येणार नाही आणि एखाद्या डॉक्टरने तो खोडून काढला की रुग्णांचे खरे हाल कोणी ऐकूनही घेणार नाही.

येल विद्यापीठातील मार्क कलन यांनी १९८७ मध्ये या विकाराची व्याख्या मांडली आणि १९९९ मध्ये काही तज्ज्ञांनी एकत्र येऊन निकष ठरवले. त्रास दीर्घकाळ टिकतो, संपर्क आला की पुन्हा उद्भवतो, इतरांना सहज सोसवणाऱ्या अल्प मात्रेनेही होतो, परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक रसायनांनी होतो, शरीराच्या एकाहून अधिक संस्थांत जाणवतो आणि संपर्क तुटला की ओसरतो, असे ते निकष आहेत. ते अवश्य दे. मात्र समोर रसायन आहे की साधी हवा, हे रुग्णापासून लपवून केलेल्या चाचण्यांत अनेकांना साध्या हवेनेही तसाच त्रास झाला, हेही लपवू नकोस. त्यावरून ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणणारे मला उतावळे वाटतात, कारण कार्यकारणभाव उलगडला नाही म्हणून डोकेदुखी खोटी ठरत नाही.

म्हणूनच कारणाच्या वादात न शिरता सोय मागावी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ मध्ये आपल्या इमारतींत सुगंधी उत्पादनांना मनाई केली. कॅनडातील हॅलिफॅक्समध्ये तर रुग्णालये आणि शाळांतून ‘सुगंध नको’ ही विनंती कित्येक वर्षे रुळली आहे. आपल्याकडे सुरुवात याहून साधी असावी : रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल यांची सूचना सोसायटीने आधी फलकावर लावावी, जिना धुताना फिनेलऐवजी बिनवासाचा साबण वापरावा, बैठकीच्या खोलीतील रूम फ्रेशनर काढावा. अगरबत्तीचा विषय मात्र पहिल्याच पत्रकात नको. धूर बाजूला राहील आणि चर्चा श्रद्धेवर जाईल.

दमा, नाकाची अॅलर्जी, अर्धशिशी यांची तपासणी आधी करून घ्यावी, असेही ठळकपणे लिही. महागडी हवाशुद्धी यंत्रे विकणारे तुझ्या कार्यक्रमाला मदत देऊ करतील. ती घेऊ नकोस. आणि सोसायटीच्या सचिवांना पत्र देताना संबंधित रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे नाव किंवा मजला त्यात येणार नाही, एवढे कटाक्षाने पाहा.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही