डोळ्यांच्या ऑपरेशनआधी थ्रीडी प्लॅनिंग कशाला?

प्रश्न: माझ्या दादाला ग्रेव्हजचा थायरॉइड (थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते तो आजार) आहे, दोन्ही डोळे बाहेर आलेत, उजवा जास्त. डॉक्टर म्हणतात सीटी काढून कॉम्प्युटरवर प्लॅनिंग करू मग ऑपरेशन. हे लागतंच का, की उगाच खर्च? दादा सिगरेट ओढतो. — एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, उगाच नाहीये. या आजारात डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजते, पण खोबण पडली हाडाची, ती ताणत नाही, मग डोळा पुढे येतो. ऑपरेशनमध्ये खोबणीच्या भिंतींचं थोडं हाड, कधी चरबी काढून मागे जागा करतात. आता कुणाचं बाहेरच्या बाजूचं हाड जाड असतं, तिथे चांगली जागा मिळते, कुणाचं पातळ, आणि त्याच्या पलीकडे लगेच मेंदूचं आवरण, त्यामुळे सीटीवरून मोजून कुठली भिंत कुठवर कोरायची ते थ्रीडी मॉडेलवर आधीच ठरवतात, दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं, कारण 2 मिमीच्या वर फरक राहिला की बघणाऱ्याला जाणवतो.

पण हाडाचं गणित जमलं तरी सुजलेले स्नायू नंतर कसे सरकतील हे पक्कं सांगता येत नाही, म्हणून डबल दिसण्याची शक्यता किती ते डॉक्टरांना स्पष्ट विचाराच. शक्यतो सूज शांत झाल्यावरच ऑपरेशन करतात, तिरळेपणा आणि पापण्यांचं त्यानंतर. मात्र रंग फिके दिसायला लागले, नजर कमी झाली तर डोळ्यामागची नजरेची नस दाबली जात असू शकते, त्याच दिवशी दाखवा. आणि सिगरेट आजपासून बंद, तिने हा आजार खरंच वाढतो.