आयाम कशाचा, ते आधी विचारा

प्रश्न : एका पुस्तकात तरंगाची तीव्रता (चौरस मीटरमागे दर सेकंदाला येणारी ऊर्जा) आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, एवढंच दिलंय. दुसऱ्यात वारंवारितेचा, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा, वर्गही जोडलाय. प्रकाशाच्या सूत्रात तर वारंवारिता दिसतच नाही. खरं काय मानायचं?

उत्तर : तिन्ही खरं. गोम 'आयाम' या शब्दात आहे. शिकवायला लागलो त्या वर्षी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि मागच्या बाकावरून नेमका हाच प्रश्न आला. "पुढे बघू" म्हणून मी वेळ मारून नेली होती.

दोरीवरचा तरंग घ्या. दोरीचा कण मधल्या जागेपासून जास्तीत जास्त जेवढा सरकतो, तो इथे आयाम. पण ऊर्जा ठरते कणाच्या वेगावरून. वारंवारिता दुप्पट केली की तेवढंच अंतर निम्म्या वेळात कापायचं. म्हणजे वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. आयाम असा सरकण्याचा असेल, तर वारंवारितेचा वर्ग सूत्रात हवाच.

स्पीकरची जाळी काढून बघा. १०० हर्ट्‌झच्या घुमणाऱ्या आवाजाला पडदा थरथरताना दिसतो. १००० हर्ट्‌झला आवाज कानाला टोचतो, पडदा मात्र ढिम्म वाटतो. तेवढीच तीव्रता १०० हर्ट्‌झला हवी, तर हवेचे कण दहापट सरकवावे लागतात. घुमणाऱ्या आवाजांचा स्पीकर (वूफर) थोराड आणि टोचणाऱ्या आवाजांचा (ट्वीटर) चिमुकला असतो, त्याचं एक मोठं कारण हेच. जेमतेम ऐकू येणाऱ्या १००० हर्ट्‌झच्या आवाजाची तीव्रता चौरस मीटरला वॉटचा एक लाख कोटीवा भाग असते. तेव्हा हवेचे कण हायड्रोजन अणूच्या व्यासाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके सरकतात! हे गणित मी अजूनही अधूनमधून पुन्हा मांडून बघतो.

मायक्रोफोन बहुधा दाब मोजतो. आयाम दाबाचा घेतला, की तीव्रता नुसत्या त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. कण जितक्या वेगाने हलतील तितका दाबातला चढउतार मोठा, म्हणजे वारंवारिता दाबात आधीच मुरलेली. ती पुन्हा लिहिली तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होईल.

प्रकाशात सरकणारे कणच नसतात. आयाम असतो विद्युतक्षेत्राचा आणि तीव्रता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. वारंवारिता डोकं वर काढते ती फोटॉन, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेचे सुटे पुडके, मोजायला बसल्यावर, कारण एका फोटॉनची ऊर्जा तिच्या प्रमाणात असते. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि ४०० नॅनोमीटरचा जांभळा झोत सारख्याच तीव्रतेचे असले, तरी तांबड्याची वारंवारिता कमी, म्हणून त्यातून सेकंदाला पावणेदोनपट फोटॉन येतात.