उताराच्या शेतात पिकांची फेरपालट करूनही पायथ्याचं तण का हटत नाही?

तुम्ही लिहिलंय की मका, कडधान्य, गहू असं फिरवून वरच्या भागातलं तण कमी झालं, पण पायथ्याशी जैसे थे. मग फेरपालटीत काय चुकतंय? काही चुकत नाहीये. घोटाळा पाण्याचा आहे. एवढं ठामपणे सांगतोय कारण याच मुद्द्यावरून काकांचं आणि माझं वर्षानुवर्षं वाजतंय.

आमचंही रान उताराचं. वरचा तुकडा काकांचा, खालचा आमचा. काकांची पेरणी कायम उताराला उभी, कारण तास लांब मिळतं आणि वळणं कमी पडतात. खाली आमच्याकडे दर पावसाळ्यात माठ आणि गाजरगवत माजायचं. काका म्हणणार, "तुझी फेरपालट वहीतली. खुरपं हातात घे जरा." शेवटी एका उन्हाळ्यात मी उताराच्या माथ्यावरची, मधली आणि पायथ्याची चार-चार बोटं माती उचलली, वेगवेगळ्या ट्रेमध्ये पसरली आणि पाणी शिंपडत राहिलो. उगवलं की मोजून उपटायचं, माती हलवायची, पुन्हा पाणी. पायथ्याचा ट्रे हिरवागार, मधला विरळ, माथ्याचा त्याहून विरळ. शिवाय पायथ्याच्या मातीत कुर्डू निघाला, जो मी आमच्या तुकड्यात कधी फुलोऱ्यावर येऊच दिला नव्हता. काकांच्या बांधावर मात्र तो ऐटीत उभा. काकांनी ट्रे पाहिले आणि म्हणाले, "ट्रेत काय, काहीही उगवतं."

माठाचं बी जेमतेम मिलिमीटरभर, आणि एका जोमदार झाडाला ते लाखाच्या घरात धरतं. जोराच्या पावसात बारीक मातीबरोबर ते वाहतं आणि उतार संपून पाणी मंदावलं की गाळासकट तिथेच बसतं. गाळ, ओल आणि बी, तिन्ही एकाच जागी. उभ्या तासांमधून तर पाण्याला आयती वाटच मिळते.

फेरपालट बिनकामाची नाही. तण पिकाचं वेळापत्रक धरून चालतं, ते मोडलं की त्याचं रोप नेमकं वखराखाली येतं. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्या तणाला तर हा उपाय थेट लागू पडतो: चवळी किंवा कापसाच्या मुळांच्या स्रावाने त्याचं बी उगवतं, पण त्या मुळांवर त्याला जगता येत नाही, म्हणून मरतं. बाकीच्या बऱ्याच तणांचं जुनं बी मात्र आपल्या गतीनेच संपतं. बऱ्याच गवतांचं काही वर्षांत, चाकवतासारख्यांचं काही दशकांत. विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेत तणांचं बी बाटल्यांत भरून पुरलं होतं; २०२१ मध्ये त्यातली एक बाटली काढली, तर त्यातलं काही बी उगवलं! तेव्हा तीन-चार वर्षांत जमीन 'स्वच्छ' होण्याची वाट बघू नका. दरवर्षीची खोल नांगरटही बंद करा, गाडलेलं बी तुम्हीच पुन्हा वर काढताय.

पेरणी उताराला आडवी करा. वरच्या कडेला दाट गवताचा पट्टा ठेवा. पहिल्या पावसावर तण उगवू द्या, वाफसा आला की वखराची उथळ पाळी मारा आणि मगच पेरा. पायथ्याला आणि बांधावर एकही झाड बियांवर जाऊ देऊ नका. बांधावरचं तण शेतात येत नाही, हे काकांचं शास्त्र आहे, माझं नाही. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका.

हे सगळं बियांवर पसरणाऱ्या तणांपुरतं. लव्हाळा आणि हराळी असेल तर गाठी आणि मुळ्या वेचण्याला पर्याय नाही. ट्रेतली मोजणीही अर्धवटच असते, कारण सुप्त बी तिथे उगवत नाही. मोजणी थोडी आली म्हणून खूश होऊ नका.

वरचं शेत दुसऱ्याचं असेल तर आधी बोलून बघा. आमच्याकडे बोलून भागलं नाही, म्हणून मी स्वतःच्या हद्दीत, वरच्या कडेला आडवा चर खणला. काका त्याला अजून जागेची नासाडी म्हणतात. चरात साचलेला गाळ मागायला मात्र दर उन्हाळ्यात येतात. मी देतो, त्यातल्या बियांसकट.